किडनी, स्त्रीबीज, भ्रूण: विकलं तर कायदा काय करतो?

"किडनी देणे आहे. ओ पॉझिटिव्ह, वय ३२, निर्व्यसनी. पैशांची अत्यंत निकड. एजंटांनी फोन करू नये."

डायलिसिसच्या रुग्णांसाठी काढलेल्या फेसबुक आणि व्हॉट्सॲप ग्रुपांवर या धाटणीचे मेसेज अधूनमधून येतात. वाचणाऱ्याला वाटतं, बिचारा अडलेला दिसतोय, पुढे पाठवू, कुणाचं तरी भलं होईल. पण हा मेसेज लिहिला तिथेच गुन्हा झाला. किडनी अजून त्याच्या पोटात आहे, पैशाचं तोंड कुणी पाहिलेलं नाही, डॉक्टरचा पत्ता नाही, तरी झाला. जाहिरात प्रसिद्ध करणारा आणि ती वाटणारा असे दोघेही एकाच कलमात येतात, त्यामुळे भलेपणाने फॉरवर्ड करणारे काकाही त्यातून सुटतीलच असं नाही.

ते कलम म्हणजे मानवी अवयव आणि ऊती प्रत्यारोपण कायदा, १९९४ मधलं कलम १९. पैसे देणारा, पैसे घेणारा, विकणारा शोधून देणारा, विकायची तयारी दाखवणारा, मध्ये बसून बोलणी करणारा, असा धंदा चालवणारी संस्था सांभाळणारा, खोटी कागदपत्रं बनवायला मदत करणारा, सगळे त्यात आहेत. शिक्षा कमीत कमी ५ वर्षं, जास्तीत जास्त १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड. मूळ कायद्यात हीच शिक्षा २ ते ७ वर्षं होती आणि दंड होता १० ते २० हजार रुपये, म्हणजे दलालाचं एका सौद्यातलं चहापाणी. २०११ च्या दुरुस्तीने आकडे वाढवले आणि २०१४ च्या जानेवारीपासून ते लागू झाले.

या कायद्याच्या जन्माशी मुंबईचा जवळचा संबंध आहे. १९८० च्या दशकात आखाती देशांतले रुग्ण किडनी विकत घ्यायला मुंबईत येत. त्यावर बंदी घालणारा केंद्रीय कायदा तेव्हा नव्हता. १९८४ ते १९८८ या काळात मुंबईत किडनी विकत घेऊन परत गेलेल्या, अमिराती आणि ओमानमधल्या १३० रुग्णांचा अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यातला पाचांतला जवळजवळ एक रुग्ण वर्षाच्या आत दगावला होता. काहींना एचआयव्हीची लागण झाली होती, काहींना हिपॅटायटिस बीची. घाईत उरकलेल्या तपासण्यांची किंमत घेणाऱ्यानेही मोजली होती. पुढे कायदा झाला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने आधी काही राज्यांनी तसा ठराव करणं गरजेचं होतं. ते करणाऱ्या तीन राज्यांत महाराष्ट्र होता (गोवा आणि हिमाचल प्रदेश ही बाकीची दोन). ४ फेब्रुवारी १९९५ ला कायदा इथे लागू झाला.

आता पैशाचं बघू, कारण सगळा कायदा त्याभोवती फिरतो. अवयव देणं गुन्हा नाही, त्याचा मोबदला घेणं गुन्हा आहे. मग भावाला किडनी देणाऱ्या टॅक्सीवाल्याचे दोन-तीन महिने बुडाले आणि भावाने तेवढी कमाई भरून दिली, तर? चालतं. 'मोबदला' या शब्दाच्या व्याख्येतूनच कायद्याने हा खर्च वगळला आहे. अवयव काढण्याचा, नेण्याचा, टिकवण्याचा खर्च आणि देणाऱ्याचा थेट झालेला खर्च किंवा बुडालेली कमाई देता येते. पण ती वाजवी हवी आणि त्या दानामुळेच बुडालेली हवी.

दुसरं उदाहरण घ्या. गिरगावातल्या चाळीत वडिलांची खोली आहे, वारस भाऊ आणि बहीण. भाऊ म्हणतो, ताई, तू किडनी दे, मी खोलीवरचा हक्क सोडतो. घरातलं घरात, कुणाचं नुकसान नाही, दलाल नाही. तरीही हा सौदाच. कायदा 'पैसा किंवा पैशाच्या मोलाची वस्तू' म्हणतो, आणि गिरगावातल्या खोलीचं मोल मुंबईकराला सांगायला नको. सख्ख्या नात्याला परवानगीच्या बाबतीत सवलत आहे, मोबदल्याच्या बाबतीत अजिबात नाही. हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. बहिणीने किडनी द्यावी, भावाने हक्कसोड करावी, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध नसावा, असं म्हणणं सोपं आहे. घरात कसं काय ठरतं ते कुणाच्या फायलीत येत नाही.

नात्यांची यादी कायद्यात ठरलेली आहे. नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आणि २०११ पासून आजी-आजोबा आणि नातवंडं. बस. मामा नाही, चुलतभाऊ नाही, दीर नाही, मेहुणा नाही, सूनही नाही. यादीबाहेरच्या माणसाला आपुलकीपोटी किंवा विशेष कारणासाठी अवयव देता येतो, पण त्यासाठी प्राधिकार समितीची, म्हणजे असे अर्ज तपासणाऱ्या समितीची, आधी परवानगी लागते. वर्षाला २५ पेक्षा जास्त प्रत्यारोपणं करणाऱ्या रुग्णालयाची स्वतःची समिती असते. बाकीच्यांना सरकारी समितीकडे जावं लागतं. दाता भारतीय आणि घेणारा परदेशी असेल, आणि दोघं यादीतले नातेवाईक नसतील, तर समितीने अर्जाचा विचारच करायचा नाही. हा नियम कुठल्या अनुभवातून आला ते वर आलंच आहे.

समितीपुढे काय होतं? २०१४ चे नियम बरेच बारकाईने लिहिलेले आहेत. देणारा आणि घेणारा दोघांच्याही मागच्या तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे मागायचे. दोघांच्या ऐपतीत जमीन-अस्मानाचा फरक असेल तर तो का, याची चौकशी करायची. दोघांची ओळख जुनी आहे हे दाखवणारे फोटो पाहायचे. देणाऱ्याच्या घरच्यांशी वेगळं बोलायचं. मुलाखतीचं चित्रीकरण करायचं. नवरा-बायको असतील तर लग्नाचा दाखला, लग्नातला फोटो, मुलं किती आणि केवढी, मुलांचे जन्मदाखले, आणि सगळं कुटुंब एकत्र दिसेल असा फोटो. दाता बाई असेल तर जास्त काळजी घ्यायची, आणि तिची ओळख आणि संमती घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून तरी पक्की करून घ्यायची. आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये बायकाच जास्त असतात, तेव्हा ही ओळ वाया गेलेली नाही.

इतकं असूनही फसवणूक होते, ती याच कागदांत. पागडीच्या खोलीचा व्यवहार जसा कागदावर वेगळा आणि हातात वेगळा, तसाच हा: कागदावर माया, हातात रोकड. २०१६ च्या जुलैमध्ये पवईतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात पोलिसांनी किडनीचं ऑपरेशन ऐनवेळी थांबवलं. किडनी देणारी बाई रुग्णाची बायको म्हणून दाखवली होती आणि ती बायको नव्हती, असं पोलिसांचं म्हणणं होतं. पुढे रुग्णालयाच्या वरिष्ठांना आणि डॉक्टरांनाही अटक झाली. २०२२ मध्ये पुण्यात जवळपास तसंच. कोल्हापूरची एक बाई रुग्णाची बायको म्हणून उभी राहिली, पंधरा लाखांचं आश्वासन होतं, ऑपरेशन झालं, ठरलेले पैसे मिळाले नाहीत, आणि तिने तोंड उघडलं.

खरं सांगायचं तर खोटी बायको ओळखणं फार अवघड नसावं. सासूचं माहेर कुठलं, गॅसचं कनेक्शन कुणाच्या नावावर, धाकट्याच्या वर्गशिक्षिकेचं नाव काय, असे पाच प्रश्न दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत विचारले की पितळ उघडं पडेल. प्रश्न विचारायचे आहेत का, हा मुद्दा. विचारले गेले नाहीत तर डॉक्टरांसाठी वेगळं कलम १८ आहे. परवानगीशिवाय अवयव काढण्यात भाग घेतला तर १० वर्षांपर्यंत कैद, २० लाखांपर्यंत दंड, आणि वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीतून नाव पहिल्यांदा ३ वर्षांसाठी आणि पुन्हा केल्यास कायमचं कमी.

पुण्यातल्या त्या बाईकडे परत येऊ. गुन्हा नोंदवला गेला तेव्हा आरोपींच्या यादीत तीही होती. कायद्याप्रमाणे यात चूक काहीच नाही. कलम १९ विकणारा आणि विकत घेणारा यांच्यात फरक करत नाही. दोघांना किमान ५ वर्षं. माझ्या मते या कायद्याची सगळ्यात कच्ची बाजू हीच. चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ जणांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातल्या ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती, आणि त्यानंतर सरासरी सहा वर्षांनीही तीन चतुर्थांश लोक कर्जातच होते. ८६ टक्के लोकांनी तब्येत खालावल्याचं सांगितलं. घरचं उत्पन्न एक तृतीयांशाने घटलं होतं. अशा माणसाला दलालाने बुडवलं तर त्याने जायचं कुठे? पोलीस चौकीत गेला तर पहिली कबुली स्वतःच्या गुन्ह्याची. दलालाला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो शेवटचा हप्ता बुडवतो. माफीचा साक्षीदार होण्याची वाट कायद्यात आहे, पण ती न्यायालयाच्या मर्जीवर, आणि ती आहे हे त्याला सांगणारा वकील आधी भेटायला हवा.

तक्रारीची वाटही सरळ नाही. नुसत्या पोलिसांच्या आरोपपत्रावर न्यायालयाला या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल घेता येत नाही. तक्रार समुचित प्राधिकाऱ्याने, म्हणजे या कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने करावी लागते. किंवा सामान्य नागरिकाने त्या प्राधिकाऱ्याला किमान ६० दिवसांची नोटीस देऊन मग स्वतः न्यायालयात जायचं. गुडगावच्या गाजलेल्या किडनी रॅकेटमधल्या एका आरोपीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये हे स्पष्ट केलं. म्हणून अशा प्रकरणांत पोलीस फसवणूक आणि बनावट कागदपत्रांची कलमंही जोडीला लावतात. त्यांना ही अट नाही.

जबरदस्तीने किंवा फसवून अवयव काढला तर मामला आणखी वेगळा. तो मानवी तस्करीत मोडतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ 'शोषण' या शब्दात बळजबरीने अवयव काढणंही धरतं. शिक्षा ७ वर्षांपासून सुरू होते, बळी लहान मूल असेल तर १० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. इथे पीडिताची संमती होती, हा बचाव चालत नाही.

यावरून आठवलं. लहान मुलं पळवून त्यांच्या किडन्या काढणारी टोळी आली आहे, हा मेसेज दर दोन-तीन वर्षांनी उगवतो. जरा विचार करा. किडनी काढून दुसऱ्याला बसवायची तर रक्तगट आणि ऊती जुळाव्या लागतात, दोन ऑपरेशन थिएटर लागतात, सर्जन, भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभाग लागतो, आणि काढलेला अवयव काही तासच टिकतो. हे मारुती व्हॅनमध्ये होत नाही. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अशाच अफवेवरून २०१८ च्या जुलैमध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. खरा अवयवविक्रीचा गुन्हा वातानुकूलित इमारतीत, शिक्के मारलेल्या फायलीत होतो.

ऊतींचं थोडक्यात. त्वचा, हाडं, डोळ्याचं पारपटल, हृदयाच्या झडपा २०११ पासून याच कायद्यात आल्या. त्यांच्या खरेदी-विक्रीला १ ते ३ वर्षं कैद आणि ५ ते २५ लाख दंड. परळच्या टाटा हॉस्पिटलची ऊती बँक १९८८ पासून चालू आहे, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्वचा बँक आहे. तिथून रुग्णासाठी काही आणलं तर प्रक्रियेचा खर्च घेतला जाऊ शकतो, त्वचेची किंमत नाही. रक्त मात्र या कायद्यात नाही, ऊतीच्या व्याख्येतून ते मुद्दाम वगळलं आहे. पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे, १ जानेवारी १९९८ पासून.

भ्रूणाची गोष्ट अगदी निराळी. १९८६ च्या ऑगस्टमध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली, तिथून या शहरात हा व्यवसाय वाढत गेला. पण त्यासाठीचा कायदा यायला २०२१ उजाडलं. मधली पस्तीस वर्षं सगळा कारभार मार्गदर्शक सूचनांवर. २०१९ च्या मार्चमध्ये मुंबई विमानतळावर महसूल गुप्तचर अधिकाऱ्यांनी मलेशियाहून आलेल्या एका प्रवाशाला अडवलं. त्याच्या सामानात द्रवरूप नायट्रोजनच्या डब्यात मानवी भ्रूण होतं. भ्रूणाच्या व्यापाराला शिक्षा देणारा स्वतंत्र कायदाच तेव्हा नसल्याने हाताशी होता तो सीमाशुल्काचा. माणसाचा अंश, आणि मोजमाप तस्करीच्या सोन्याचं.

२५ जानेवारी २०२२ पासून दोन कायदे लागू झाले. एक सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाचा, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांचा, दुसरा सरोगसीचा, म्हणजे जोडप्याचं मूल दुसऱ्या बाईने पोटात वाढवण्याचा. पहिल्याप्रमाणे स्त्रीबीज, शुक्राणू आणि भ्रूण विकता येत नाहीत, आयात करता येत नाहीत, संशोधनासाठीही विकता येत नाहीत. दाते मिळवायला दलाल वापरणं हाही गुन्हा. हे कलम महत्त्वाचं, कारण स्त्रीबीज देणाऱ्या बायका अनेकदा एजंटबाईमार्फतच यायच्या, आणि त्याच त्या पुन्हा पुन्हा यायच्या. दर वेळी हार्मोनची इंजेक्शनं, दर वेळी भूल. आता देणारीचं वय २३ ते ३५, आयुष्यात एकदाच, सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत, आणि तिचा १२ महिन्यांचा विमा बीज घेणाऱ्या जोडप्याने उतरवायचा.

शिक्षेत मात्र गंमत आहे. प्रजनन तंत्रज्ञानाच्या कायद्यात भ्रूण विकणाऱ्याला पहिल्या खेपेला फक्त दंड आहे, ५ ते १० लाख. तुरुंग दुसऱ्यांदा सापडल्यावर, ३ ते ८ वर्षं. तेच भ्रूण सरोगसीसाठी विकलं तर पहिल्याच वेळी १० वर्षांपर्यंत कैद. भ्रूण तेच, टाकी तीच, विकणारा तोच. कुणाच्या गर्भाशयात जाणार यावरून तुरुंग ठरतो. क्लिनिकच्या मालकाला पाच लाख म्हणजे किती, याचा हिशोब संसदेने केला असेल असं वाटत नाही.

सरोगसीच्या कायद्यात एक गोष्ट मात्र मला पटते. पैशासाठी सरोगसी झाली तर त्या बाईला नवऱ्याने, मूल हवं असलेल्या जोडप्याने किंवा नातेवाइकाने भाग पाडलं असं न्यायालय धरून चालतं. तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर. किडनी विकणाऱ्या बाईसाठी असं गृहीतक कुठेच नाही. गर्भाशय भाड्याने देणारी सक्तीची बळी आणि किडनी देणारी गुन्हेगार, हा भेद एकाच देशाच्या कायद्यांत आहे. त्या दोघी एकाच वस्तीत, एकाच सावकाराच्या कर्जात असू शकतात.

या सगळ्यात कायदा पाळणाऱ्या जोडप्यांनाही एक गोष्ट अडते, आणि क्लिनिकमध्ये ती नेहमी सांगितली जातेच असं नाही. समजा ठाण्यातलं एक जोडपं नोकरीसाठी कॅनडाला निघालं आहे आणि त्यांचे स्वतःचे भ्रूण इथल्या क्लिनिकमध्ये गोठवलेले आहेत. ते सोबत न्यायचे तर प्रजनन तंत्रज्ञानाच्या कायद्यातल्या राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. स्वतःच्या वापरासाठी नेण्याची मुभा आहे, पण परवानगीशिवाय नाही. ठेवायची मुदतही १० वर्षांचीच. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संस्थेला संशोधनासाठी द्यायचे. व्हिसाच्या फायलीबरोबरच हा अर्जही टाकलेला बरा, आणि क्लिनिकचा नोंदणी क्रमांक आजच लिहून घ्यावा.